खड्डा पडण्याआधीचा खर्च

एखाद्या धडधाकट डांबरी रस्त्यावर महापालिकेने काम काढले की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : इथे काय बिघडले होते? दोन चौक पलीकडचा रस्ता चाळण झालेला असताना पैसे इकडे का ओतताय? या संशयाला कारण आहे. नीट बसलेले पदपथाचे ब्लॉक उखडून त्यांच्या जागी तसेच नवे ब्लॉक बसवण्याचा मार्च महिन्यातला उत्साह महाराष्ट्रातल्या शहरांना चांगलाच परिचयाचा आहे. तरीही मला असे म्हणायचे आहे, की डांबरी रस्त्यावरचा सर्वांत शहाणपणाचा पैसा तो रस्ता चांगला दिसत असतानाच खर्च करायचा असतो. रस्ता वाईट दिसू लागला की त्याला स्वस्तात वाचवण्याची वेळ बहुधा टळून गेलेली असते. रस्ते-अभियंत्यांना हे नवे नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने डांबरी पृष्ठभागाच्या देखभालीची संहिता १९८२ मध्ये काढली आणि २०१५ मध्ये सुधारली. स्लरी सील आणि मायक्रोसरफेसिंग या पातळ थरांसाठी याच संस्थेची स्वतंत्र मार्गदर्शिका २००८ पासून आहे. कागदोपत्री काही कमी नाही. प्रत्यक्षात मात्र आपण खड्ड्याची वाट पाहतो आणि तो पडल्यावर जे करतो त्याला देखभाल म्हणतो.

डांबरी रस्त्यात वजनाने सुमारे ९५ टक्के दगडच असतो. त्याला धरून ठेवणारे डांबर जेमतेम पाच टक्के. रस्त्याचे आयुष्य या पाच टक्क्यांवर ठरते. खनिज तेल शुद्ध करून झाल्यावर तळाशी उरणारे हे द्रव्य ताजे असताना लवचिक असते : चाक आले की किंचित दबते, गेले की पूर्ववत होते. पण ऊन आणि हवेतला ऑक्सिजन त्याला सतत पोखरत असतात. एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग साठ अंशांच्या पुढे जातो. वर्षागणिक डांबरातला तेलकट भाग घटतो, कडक भाग वाढतो, काळा रस्ता करडा पडतो आणि सुटलेली कच कडेला साठू लागते. हा करडा रंग बहुतेकांना रस्ता थोडा जुना झाल्याची निरुपद्रवी खूण वाटते. प्रत्यक्षात वरच्या डांबराचा चिकटपणा संपत आल्याची ती पहिली सूचना असते. मग केसासारख्या बारीक भेगा येतात आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी त्यांतून आत शिरते. इथून पुढचे काम पाणी करते. दगडाला डांबरापेक्षा पाण्याची ओढ जास्त. दख्खनच्या काळ्या पाषाणाला डांबर ग्रॅनाइटपेक्षा बरे चिकटते हे आपले नशीब, पण तो सतत ओला राहिला तर तेही सुटते. चाक भेगेवरून गेले की आतले पाणी दाबाने पुढे रेटले जाते, चाक सरकले की मागे ओढले जाते, आणि या ये-जा करण्यात दगडावरचे डांबर धुऊन निघते. खालचा खडीचा थर भिजून मऊ झाला की वरच्या थराचा आधार जातो, भेगांची जाळी होते, जाळीतला एक तुकडा उडतो. तेव्हा कुठे आपण म्हणतो, खड्डा पडला. पुण्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, कोकणात अडीच-तीन हजार. दोन्हीकडच्या रस्त्यांना दुरुस्तीचे वेळापत्रक एकच लावणे किती असमंजसपणाचे आहे हे यावरून दिसते, पण तो वेगळा विषय.

या साखळीत स्वस्तात हस्तक्षेप करता येतो तो सुरुवातीलाच, म्हणजे करडेपणा आणि बारीक भेगांच्या टप्प्यावर. त्यासाठीचे उपाय साधे आहेत. भेगा साफ करून त्यांत लवचिक मेण भरावे तसा रबरमिश्रित डांबराचा भराव घालणे हा पहिला. पातळ केलेले डांबराचे इमल्शन, म्हणजे पाण्यात बारीक थेंबांच्या रूपाने मिसळलेले डांबर, पृष्ठभागावर फवारणे हा दुसरा. त्याला फॉग सील म्हणतात. बारीक कच, इमल्शन, थोडे सिमेंट आणि पाणी यांचे रबडीसारखे मिश्रण पसरणे म्हणजे स्लरी सील. त्याच मिश्रणात पॉलिमर घालून ते लवकर घट्ट होईल असे केले की मायक्रोसरफेसिंग होते. चार ते आठ मिलिमीटरचा हा थर अनुकूल हवेत तासा-दोन तासांत वाहतुकीला खुला करता येतो. जर्मनीत स्लरीचे प्रयोग १९३० च्या दशकात झाले आणि १९६०-७० च्या सुमारास तिथेच मायक्रोसरफेसिंग आकाराला आले. डांबर फवारून त्यावर खडी पसरून रोलर फिरवण्याची पद्धत तर आणखी जुनी. न्यूझीलंडमधले बहुतांश पक्के रस्ते याच पद्धतीचे आहेत, त्यामुळे हा गरिबांचा जुगाड आहे असेही कुणी म्हणू नये. आपल्या शहरांत मात्र सुट्या खडीची पद्धत मी सुचवणार नाही. जिथे निम्म्याहून अधिक वाहने दुचाकी आहेत तिथे वळणावर पसरलेली खडी म्हणजे अपघाताला निमंत्रण. फॉग सीलही वेगाच्या रस्त्यावर जपूनच वापरायला हवे, कारण प्रमाण चुकले तर रस्ता घसरडा होतो. आणि कालच झालेल्या रस्त्यावर यांपैकी काहीही ओतणे हा शुद्ध अपव्यय आहे.

ग्रामीण महाराष्ट्राला यातले तत्त्व अनोळखी नाही. ‘बीबीएम, कारपेट, सीलकोट’ ही तिकडी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या आणि जिल्हा परिषदांच्या कामांच्या फलकांवर वर्षानुवर्षे दिसत आली आहे. त्यातला शेवटचा सीलकोट म्हणजे पाणी आत जाऊ नये म्हणून रस्ता बांधतानाच दिलेले आवरण. ते आवरण झिजल्यावर पुन्हा द्यायचे, एवढीच ही मागणी आहे. इमारतीच्या गच्चीचे वॉटरप्रूफिंग छत गळायला लागण्याच्या आधी करायचे असते हे कोणत्याही सोसायटीच्या खजिनदाराला सांगावे लागत नाही. रस्त्याच्या बाबतीत तेच सांगण्यासाठी लेख लिहावा लागतो. हिशेब करून पाहू. सात मीटर रुंदीच्या एक किलोमीटर रस्त्याचे क्षेत्रफळ सात हजार चौरस मीटर. त्यावर सहा मिलिमीटरचा थर द्यायला ४२ घनमीटर माल लागतो. नेहमीचा ४० मिलिमीटरचा गरम डांबरी थर द्यायचा तर २८० घनमीटर. खाणीतून येणारा दगड, डंपरच्या फेऱ्या, दीडशे अंशांच्या वर माल तापवायला जळणारे इंधन, सगळे त्याच प्रमाणात वाढते. दर घनमीटरला पातळ थराचा माल महाग पडतो, त्यामुळे बचत सातपट होत नाही, पण फरक मोठाच राहतो. शहरात आणखी एक फायदा आहे ज्याची किंमत कुणी अंदाजपत्रकात धरत नाही. थरावर थर चढवून आपण रस्ते इतके उंच केले आहेत की जुन्या वस्त्यांतली घरे आणि दुकाने रस्त्याच्या खाली गेली, चेंबरांची झाकणे खळग्यांत बसली आणि पावसाचे पाणी गटाराऐवजी उंबऱ्याकडे वळले. सहा मिलिमीटरने ही अवस्था येत नाही.

वेळेवर केलेल्या खर्चाने खरेच वाचते का, याचा पुरावा बऱ्याच ठिकाणी आहे. जागतिक बँकेने १९८८ मध्ये ८५ विकसनशील देशांच्या रस्त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. देखभालीअभावी आधीच्या दोन दशकांत ४५ अब्ज डॉलर किमतीचे रस्ते वाया गेले आणि १२ अब्ज डॉलरपेक्षा कमी खर्चाच्या प्रतिबंधक देखभालीने ते वाचू शकले असते, असा त्याचा निष्कर्ष होता. अमेरिकेत या विषयावरच्या प्रत्येक सादरीकरणात एक आलेख असतो : रस्त्याची प्रत आयुष्याच्या पहिल्या तीन-चतुर्थांश काळात ४० टक्क्यांनी घसरते आणि त्यानंतरच्या अवघ्या १२ टक्के काळात आणखी ४० टक्क्यांनी. त्याला जोडून सांगतात की आधी घातलेला एक डॉलर नंतरचे सहा ते दहा डॉलर वाचवतो. हे आकडे नागपूर किंवा रत्नागिरीच्या रस्त्याला जसेच्या तसे लावायला मी तयार नाही. आपला पाऊस वेगळा, आपले भार वेगळे, आपले बांधकाम तर फारच वेगळे. पण त्या आलेखाचा आकार खरा आहे, कारण तो मघाच्या पाण्याच्या कथेतूनच येतो. भेग पडेपर्यंत घसरण संथ असते. पाणी खालच्या थरात पोचले की ती एकदम उताराला लागते. तिकडच्या अनुभवात फॉग सील एक ते तीन वर्षे आणि मायक्रोसरफेसिंग पाच ते सात वर्षे काम देते असे मानतात. आपल्याकडे मायक्रोसरफेसिंगची यातली दोन वर्षे वजा करा, तरी गणित मोडत नाही.

मग हे होत का नाही? अभियंत्यांना कळत नाही म्हणून नक्कीच नाही. पहिले कारण जमाखर्चाच्या वहीत आहे. राज्याच्या अंदाजपत्रकात रस्त्यांसाठी दोन लेखाशीर्षे असतात : ३०५४ हे महसुली, ज्यातून देखभाल होते, आणि ५०५४ हे भांडवली, ज्यातून नवे बांधकाम होते. महसुली खर्च म्हणजे गेलेला पैसा आणि भांडवली खर्च म्हणजे उभी राहिलेली मालमत्ता, अशी समजूत अर्थकारणात रुजलेली आहे. त्यामुळे कात्री लागते ती पहिल्यावर. रस्ता पूर्ण मोडू दिला की तोच रस्ता ‘सुधारणा’ म्हणून भांडवली शीर्षाखाली येतो आणि त्याला पैसे मिळतात. व्यवस्थेने नुकसानीला दिलेले हे बक्षीसच आहे. हे दिल्लीला ठाऊक नव्हते असे नाही : तेराव्या वित्त आयोगाने २०११ ते २०१५ या चार वर्षांत राज्यांच्या रस्ते-पुलांच्या देखभालीसाठी १९,९३० कोटी रुपयांचे वेगळे अनुदान सुचवले होते. पण बाहेरून आलेल्या अनुदानाने घरातली सवय बदलत नाही. दुसरे कारण राजकीय आहे आणि ते सांगण्याची फारशी गरज नाही. भूमिपूजन नव्या रस्त्याचे होते. भेगा भरल्याच्या कार्यक्रमाला नारळ कोण फोडणार? तिसरे कारण कॅलेंडरचे, आणि मला ते सर्वांत दुरुस्त होण्याजोगे वाटते. इमल्शनमधले पाणी उडून डांबर दगडावर बसायला कोरडी, उबदार हवा लागते. महाराष्ट्रात नोव्हेंबर ते मार्च हा त्यासाठी उत्तम काळ. आपल्याकडे निधी वितरित होता होता डिसेंबर उजाडतो, निविदा फेब्रुवारीत उघडतात, काम सुरू होते एप्रिलमध्ये आणि मेअखेरीच्या वळिवात ओला थर वाहून जातो. मग सांगितले जाते की हे तंत्र आपल्या हवामानाला चालत नाही.

यावर सर्वांत जड आक्षेप असा : आपले रस्ते मुळातच निकृष्ट बांधलेले असतात, त्यांच्यावर मलम चोपडून काय होणार? पुण्यात हा विषय निघाला की जंगली महाराज रस्त्याचा दाखला येतोच. १९७० च्या दशकात रेकॉन्डो या कंपनीने दहा वर्षांची हमी देऊन तो बांधला आणि त्यानंतर कितीतरी वर्षे त्याला खड्डा माहीत नव्हता. म्हणजे रस्ता नीट बांधा, देखभालीची भानगडच नको. या आक्षेपाचा पहिला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. पृष्ठभागावरचा पातळ थर रस्त्याला ताकद देत नाही. त्याखालची खडी नीट दाबलेली नसेल, डांबरात पाण्याला वाट देणाऱ्या पोकळ्या आठ टक्क्यांपेक्षा जास्त राहिल्या असतील, खाली काळी माती फुगत-आकसत असेल, साइडपट्ट्या रस्त्यापेक्षा उंच होऊन पाणी अडवत असतील किंवा गटारच नसेल, तर मायक्रोसरफेसिंग हा नुसता रंग ठरेल. भाराचेही तसेच. १९५८ ते १९६० दरम्यान अमेरिकेत इलिनॉय राज्यात झालेल्या प्रसिद्ध चाचणीतून दिसले की अक्षावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याचे नुकसान सुमारे सोळापट होते. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांचा आणि क्षमतेबाहेर भरलेल्या वाळूच्या डंपरांचा हिशेब कोणतेही सील चुकवू शकत नाही. पण आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग उलटा आहे. निकृष्ट रस्त्याला सील देऊ नये, कारण तो वाचणार नाही. चांगल्या रस्त्याला द्यावे, कारण वाचवण्यासारखे काही तिथेच आहे. हमीच्या कलमाचा प्रश्नही इथे येतो. आपल्याकडे ठेकेदाराचा दोषदायित्व काळ संपला की रस्त्याला वाली उरत नाही. नेमका तेव्हाच, तीन ते पाच वर्षांच्या वयात, त्याला पहिल्या आवरणाची गरज लागते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत बांधकामाच्या कंत्राटातच पाच वर्षांची देखभाल जोडलेली असते, ही कल्पना चांगली आहे. सहाव्या वर्षाचे काय, याचे उत्तर मात्र राज्यांवर सोडलेले आहे.

दुसरा आक्षेप काँक्रीटवाल्यांचा. डांबर हवेच कशाला, सगळे काँक्रीट करून टाका. मुंबई महापालिकेने हा मार्ग पत्करला आहे. २०२३ च्या सुरुवातीला सुमारे चारशे किलोमीटर रस्त्यांसाठी तिने जवळपास सहा हजार कोटींची कामे दिली. अतिपावसाच्या, कायम जड वाहतुकीच्या, खाली जलवाहिन्या आणि केबलींची सोय आधी करून घेतलेल्या रस्त्यावर काँक्रीटला माझा विरोध नाही. पण त्या रकमेला किलोमीटरने भागून पाहिले की राज्यभराच्या रस्त्यांना हा उपाय परवडणार नाही हे कळायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. त्या रकमेत पर्जन्यवाहिन्या, पदपथ वगैरे धरलेले असले तरीही. शिवाय काँक्रीट म्हणजे देखभालीतून सुटका हा भ्रम आहे. त्याच्या सांध्यांतला भराव ठरावीक काळाने बदलावा लागतो, नाहीतर तिथेही पाणी खाली जाते आणि स्लॅब हलू लागतो. आणि आपल्या शहरांत नवा रस्ता सहा महिन्यांत खोदण्याची जी परंपरा आहे, तिच्यापुढे काँक्रीटचा चर डांबराच्या चरापेक्षा जास्त काळ आणि जास्त वाईट दिसतो. खोदाईला शिस्त नसेल तर पातळ थरही वाया जाईल, हे मात्र मान्य करायला हवे. सील दिलेल्या रस्त्यावर ठरावीक वर्षे खोदाईबंदी ही पूर्वअटच हवी.

तिसरा आक्षेप पैशांच्या प्रामाणिकपणाचा, आणि सामान्य वाचकाच्या मनात खरे तर हाच असतो. खड्डा निदान दिसतो. बुजवला की नाही हे पाहता येते. सहा मिलिमीटर थर चार मिलिमीटर केला तर कोणाला कळणार? उलट कळणे सोपे आहे, कळून घेण्याची इच्छा हवी. फवारणीच्या कामात रस्त्यावर ठरावीक मापाची पत्र्याची ट्रे ठेवून तिच्यात जमलेले डांबर तोलतात आणि चौरस मीटरला किती पडले ते काढतात. ही ट्रे-चाचणी आपल्या विनिर्देशांत जुनी आहे. मायक्रोसरफेसिंगचे यंत्र कच, इमल्शन आणि सिमेंट किती वापरले याची मोजदाद ठेवते, आणि तो आकडा झालेल्या क्षेत्रफळाशी ताडता येतो. चाळीस मिलिमीटर सांगून तीस घालणाऱ्या गरम थरात लबाडी शोधण्यासाठी रस्ता कोरून नमुना काढावा लागतो. त्यामानाने इथली तपासणी हलकी आहे. पण मोजमापापेक्षा महत्त्वाचे असे की ही कामे ठेकेदाराला मालाच्या टनांवर देऊ नयेत. चार वर्षे भेगा आणि खडी सुटणे अमुक मर्यादेत राहील, या अटीवर द्यावीत आणि रकमेचा एक भाग त्या चार वर्षांत विभागून द्यावा. स्वस्त इमल्शन घालणाऱ्याला मग स्वतःच्याच खिशातून दुसऱ्यांदा घालावे लागेल.

उरतो तो न्यायाचा प्रश्न, आणि त्याला सफाईदार उत्तर माझ्याकडे नाही. ज्या वस्तीचा रस्ता आधीच गेला आहे, तिला सांगायचे की तुमचा रस्ता पुढच्या वर्षी, आधी आम्ही शेजारच्या चांगल्या रस्त्याला आवरण देतो? हे ऐकून कोणीही चिडेल. चांगले रस्ते बहुधा सधन वस्त्यांत असतात ही त्यातली आणखी टोचणारी गोष्ट. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांमुळे झालेल्या मृत्यूसाठी सहा लाख आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. म्हणजे खड्डा ही आता गैरसोय राहिलेली नाही, ती जबाबदारी आहे. म्हणून जीव धोक्यात घालणारा खड्डा ताबडतोब बुजवणे आणि मोडलेला रस्ता संपूर्ण नव्याने करणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतील. पहिल्या कामाला थांबणे नाही, मग वस्ती कोणतीही असो. दुसऱ्या कामात मात्र एक कठोर सत्य आहे : पूर्ण मोडलेला रस्ता आणखी एक वर्ष थांबला तर त्याची पुनर्बांधणी फारशी महागत नाही, कारण तो तसाही उकरूनच काढायचा आहे, भेगांच्या टप्प्यावरचा रस्ता तेच एक वर्ष थांबला तर तो उकरण्याच्या यादीत जातो. सगळा पैसा मोडलेल्या रस्त्यांना दिला तर दरवर्षी मोडलेल्या रस्त्यांची नवी खेप तयार होत राहते आणि गरीब वस्तीचा नंबर आणखी मागे सरकतो. त्यामुळे माझ्या मते देखभालीच्या निधीतला ठरावीक हिस्सा, समजा चौथा भाग, केवळ चांगल्या रस्त्यांच्या आवरणासाठी राखून ठेवावा आणि तो वॉर्डनिहाय वाटावा, म्हणजे गरीब वॉर्डातलेही जे चांगले रस्ते आहेत त्यांना तो मिळेल. चौथा भाग हा आकडा वादाला खुला आहे.

या सगळ्यात पार्किंगच्या जागांचा विचार जवळजवळ कोणीच करत नाही, कारण त्या कुणाच्याच रस्त्यात येत नाहीत. कारखान्यांची आवारे, एमआयडीसीतले ट्रकतळ, एसटी आगारे, रुग्णालये, मंगल कार्यालये, मॉल : डांबर तिथेही आहे, आणि ते रस्त्यावरच्या डांबरापेक्षा वेगळ्या कारणांनी मरते. धावत्या चाकांनी रस्त्याचे डांबर सतत मळले जाते. पार्किंगच्या कोपऱ्यात ते नुसते उन्हात पडून राहते, त्यामुळे तिथे ते भाराने खचण्याआधी ठिसूळ होऊन भेगाळते. उभ्या गाडीतून गळणारे डिझेल आणि ऑइल डांबराला अक्षरशः विरघळवते, कारण दोन्ही एकाच खनिज तेलाची लेकरे. उभ्या जागी स्टिअरिंग फिरवल्याने पृष्ठभाग खरवडला जातो. उतार नीट न दिल्याने पाणी साचून राहते ते वेगळेच. वेगाचा प्रश्न नसल्याने फॉग सील आणि स्लरीसारखे स्वस्त उपाय इथे निर्धास्तपणे वापरता येतात आणि सुटीच्या दोन दिवसांत काम उरकते. इथे एक सावधगिरी मात्र अमेरिकेकडून शिकण्यासारखी आहे. तिकडे पार्किंगच्या जागा चकचकीत काळ्या ठेवण्यासाठी कोळशापासून मिळणाऱ्या टारचे सील अनेक वर्षे वापरले गेले, कारण त्यावर तेलाचा परिणाम होत नाही. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात नाल्यांतला गाळ तपासल्यावर त्यात कर्करोगकारक समजल्या जाणाऱ्या रसायनांचे मोठे प्रमाण सापडले, आणि त्याचा माग या सीलपर्यंत पोचला. खनिज तेलाच्या डांबरी सीलच्या तुलनेत त्यात ही रसायने सुमारे हजारपट असतात. ऑस्टिनने २००६ पासून त्यावर बंदी घातली, पुढे वॉशिंग्टन आणि मिनेसोटा राज्यांनीही. म्हणून सोसायटीच्या किंवा शाळेच्या आवारात ‘काळा कोट’ मारून देणाऱ्या ठेकेदाराला पहिला प्रश्न भावाचा विचारू नये, डब्यात काय आहे तो विचारावा. भारतीय मानक ८८८७ प्रमाणेच्या डांबरी इमल्शनचे बिल आणि चाचणी-प्रमाणपत्र त्याच्याकडे नसेल तर काम देऊ नये.

सरकारी पातळीवर सुरुवात करायला मोठ्या धोरणाची गरज नाही. रस्त्यांची अवस्था शून्य ते शंभरच्या गुणांकात मोजण्याची पद्धत अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात तयार केली. ती रस्त्यांना लागते तशीच पार्किंगच्या जागांनाही, आणि प्रशिक्षित कनिष्ठ अभियंता मोजपट्टी, चाक आणि मोबाइलवर ती करू शकतो. प्रत्येक महापालिकेने आणि सार्वजनिक बांधकाम विभागाच्या प्रत्येक विभागीय कार्यालयाने पाऊस थांबताच, म्हणजे ऑक्टोबरमध्ये, तीन याद्या संकेतस्थळावर टाकाव्यात : कोणत्या चांगल्या रस्त्यांना यंदा आवरण द्यायचे, कोणते नव्याने करायचे, आणि कोणते यंदा थांबणार. प्रत्येक नावापुढे गुणांक आणि निर्णय घेणाऱ्या अभियंत्याची सही. पहिल्या यादीच्या निविदा सप्टेंबरमध्येच निघालेल्या असाव्यात, म्हणजे यंत्र नोव्हेंबरमध्ये रस्त्यावर येईल. तिसरी यादी प्रसिद्ध करणे हे सर्वांत अवघड, कारण नगरसेवक आणि आमदार तिच्यावरच तुटून पडतील. पण ती यादी आजही असतेच. फक्त तिच्यावर कोणाची सही नसते आणि तिच्यात कोणते रस्ते आहेत ते लोकांना जुलैमध्ये कळते.